घरी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर रात्री घुमतो, तानपुऱ्याच्या खर्जाशी भांडतो

काळी चार (मिरज)

नमस्कार मंडळी. प्रश्न ट्रान्सफॉर्मरच्या आवाजाचा आहे, पण सुरुवात तानपुऱ्यापासून करावी लागेल.

माझी मुलगी गाणं शिकते. पट्टी काळी चार, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा सा. रात्री जेवणं आटोपली की ती तानपुरा घेऊन बसते. तिच्या बाईंनी दिलेली ध्वनिमुद्रणं नीट ऐकता यावीत म्हणून मी घरीच एक अँप्लिफायर बांधला, आणि त्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मरही स्वतःच गुंडाळला. मी कुपवाडला एमआयडीसीत लेथवर काम करतो. गुंडाळायचं हँडल, लाकडी साचा, वेढे मोजायचा काउंटर, सगळं हातानं केलं. दीड महिना रविवारचा दिवस त्यातच गेला.

पंधरा दिवसांपूर्वी ती म्हणाली, "बाबा, तुमचं मशीन खर्जाच्या जरा खाली लागतंय." तोपर्यंत मला ती नुसती घूं वाटत होती. मग हिशेब केला. काळी चारचा खर्ज, म्हणजे तानपुऱ्याची सगळ्यात खालच्या सा ची तार, १०३.८ हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर घुमतो १०० हर्ट्झला. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ चार हेलकावे येतात. तेव्हापासून मलाही दुसरं काही ऐकू येत नाही. ती तार लावताना सारखी थांबते, खुंटी पिळते, परत थांबते. तानपुरा बरोबरच लागलेला असतो.

स्पीकरमधून येणारी घरघर नाही ही. स्पीकरच्या तारा काढून ठेवल्या तरी आवाज तसाच. लोखंडातूनच येतो.

तपशील असा:

स्टॅम्पिंग (गाभ्याचे कापीव पत्रे) ७ नंबरचं, ई-आय, म्हणजे E आणि I आकाराच्या तुकड्यांचं, पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा, नवीन. मधली जीभ २ इंच, थप्पीही २ इंच. वजन सगळं मिळून ७ किलोच्या आसपास. प्रायमरी (लाइनकडची गुंडाळी) २८२ वेढे, २० गेजची तार. सेकंडरी (अँप्लिफायरकडची) ३५-०-३५ व्होल्ट, म्हणजे मधून टॅप काढलेली, एकूण ९० वेढे, १६ गेज. व्होल्टमागे किती वेढे हे इंटरनेटवरच्या एका तक्त्यातून घेतलं. पत्रे तीन-तीनच्या जोडीनं आलटून पालटून भरले. व्हार्निश केलेलं नाही, फक्त चार बोल्ट आवळलेत.

आतापर्यंत बोल्ट आणखी आवळून पाहिले: आवाजाची जात बदलते, पातळी नाही. खाली रबर ठेवलं: शेजारच्या खोलीत फरक पडला, याच खोलीत नाही. एक गोष्ट मात्र विचित्र आहे. संध्याकाळी सात-आठला आमच्याकडे व्होल्टेज २१८ असतं तेव्हा आवाज सोसण्यासारखा असतो. अकरानंतर व्होल्टेज २४७ पर्यंत चढतं आणि ती घूं खरखरीत होते, घर्र अशी.

व्हार्निशमध्ये बुडवला की शांत होईल का? की पुन्हा उघडावा लागेल?

सोल्डरची तार

दादा, व्हार्निश केलं नाही हेच कारण. माझ्या बॅटरी चार्जरचा ट्रान्सफॉर्मर असाच ओरडायचा. पत्रे एकमेकांवर थरथरतात, व्हार्निश आत शिरून वाळलं की सगळं एकजीव होतं. बॉबिन (तार गुंडाळलेला साचा) जिभेवर सैल असेल तर बेकलाइटची पातळ पाचर करून ठोका, तीही कोरडी नको, व्हार्निश लावून. फेव्हिकॉल ओतू नका, आत वाळत नाही आणि ओल धरतं. मेणही नको, गरम झालं की सुटतं.

टोरॉइड कोथरूड

माझा अनुभव सांगतो, तुमच्या उपयोगाचा असेल की नाही ते पाहा. माझ्याकडे गोल गाभ्याचा, म्हणजे टोरॉइड आहे. एरवी अगदी गप्प. पण रोज सकाळी पंधरा मिनिटं असा गुरगुरायचा की मी धावत जाऊन स्विच बंद करायचो. महिनाभरानं लक्षात आलं की त्याच वेळी घरात हेअर ड्रायर कमी वेगावर चालू असतो. स्वस्त ड्रायरमध्ये कमी वेगासाठी एकच डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) घातलेला असतो. तो लाइनची एकच बाजू ओढतो, त्यामुळे घरातल्या वायरिंगवर थोडंसं डीसी, म्हणजे एकाच दिशेचं व्होल्टेज, उभं राहतं. टोरॉइडला फट नसते, म्हणून एवढ्याशा डीसीनंही तो एका बाजूला भरतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही, आणि ओरडतो. मी दोन मोठे कपॅसिटर पाठीला पाठ लावून, त्यांना समांतर ब्रिज डायोड देऊन फेजमध्ये घातले. तेव्हापासून शांत आहे.

ई-आयला सांध्यांत थोडी फट असतेच, त्यामुळे त्याला हा त्रास कमी. तरी रात्री अकराला शेजारीपाजारी काय चालू असतं ते बघा.

काळी चार (मिरज)

दोघांचेही आभार. शेजारी रात्री अकराला सगळे झोपलेले असतात, ड्रायर वगैरे कुणाकडे नाही. आमच्या घरात फ्रिज, दोन पंखे, दिवे. मी फ्रिजसकट सगळं बंद करून पाहिलं, फरक शून्य. आवाज फक्त व्होल्टेजबरोबर चढतो-उतरतो.

आणखी एक शंका. रात्री लाइनची फ्रीक्वेन्सीही बदलते का? कारण मुलगी म्हणते, सूर कधी हलत नाही, फक्त जोर वाढतो.

टोरॉइड कोथरूड

तिचा कान बरोबर आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सोलापूर-रायचूर ७६५ केव्हीची लाइन जोडल्यापासून दक्षिणेचं जाळंही उरलेल्या देशाला जोडलं गेलं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच ठोका. तो ५० च्या आसपास अगदी थोडासाच हलतो. म्हणजे सगळ्या ट्रान्सफॉर्मरची घूं शंभरावरच.

गुंडाळीवाला (इचलकरंजी)

इतक्यात व्हार्निश करू नका. केलंत तर नंतर पत्रे सोडवताना रडाल.

माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. आधी मला दोन गोष्टी सांगा. एक, खिडकीत, म्हणजे पत्र्यांमधल्या गुंडाळीच्या जागेत, तारा भरून झाल्यावर किती जागा मोकळी राहिली? दोन, डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) मिळवा. कंपनीत कुणाकडे तरी असेलच. सेकंडरीच्या तारा मोकळ्या सोडा, प्रायमरीत अँपिअर मीटर घाला, आणि १८० पासून चढवत न्या. प्रत्येक ठिकाणी करंट लिहा. मीटर ट्रू आरएमएस असेल तर उत्तम, कारण अशा वेळी करंटची लाट टोकदार असते आणि साधं मीटर कमी दाखवतं. सुरुवातीला १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये ठेवा, मग काढा. कोअरला, म्हणजे लोखंडी गाभ्याला, अर्थिंग दिलंय ना?

काळी चार (मिरज)

काका, अर्थिंग दिलेलं आहे. शनिवारी कंपनीतून डिमरस्टॅट आणला. आकडे:

१८० व्होल्ट — ०.२० अँपिअर
२०० — ०.३०
२२० — ०.५५
२३० — ०.८५
२४५ — १.६

२०० पर्यंत कान जवळ नेला तरच ऐकू येत होता. २२० च्या पुढे मात्र हात लावला तरी थरथर कळत होती. पुढं जायचं धाडस झालं नाही. खिडकीत जागा भरपूर आहे, माझं मधलं बोट आरामात जातं. मला वाटलं होतं, जागा उरली म्हणजे गुंडाळी घट्ट बसली.

गुंडाळीवाला (इचलकरंजी)

तुमची गुंडाळी घट्टच असणार, लेथवाल्याचा हात आहे. चूक हातात नाही, हिशेबात आहे. आकडे बघा: १८० वरून २४५ म्हणजे व्होल्टेज सव्वापटीपेक्षा थोडं जास्त वाढलं, आणि करंट आठपट झाला. निरोगी ट्रान्सफॉर्मरला असं होत नाही. लोखंड तुडुंब भरलंय. दोन तास नुसता चालू ठेवलात तर कोअरला हात ठेववत नसेल.

आता कारण. तो तक्ता अमेरिकेतल्या माणसानं केलेला असणार. तिकडं लाइन ६० हर्ट्झची. आपली ५०. तेच वेढे, तेवढंच लोखंड, तेवढंच व्होल्टेज ठेवलं तर आपल्याकडे चुंबकीय भार (लोखंडात चुंबकत्व किती दाटीनं आहे ते, टेस्लात मोजतात) १.२ पट होतो. हिशेब करून दाखवतो, पुढच्या वेळी तक्ता लागायचा नाही.

तुमची जीभ ५.०८ सेंमी, थप्पी ५.०८ सेंमी, गुणाकार २५.८ चौरस सेंमी. पत्र्यांमधल्या फटी आणि इनॅमल वजा करून खरं लोखंड धरा साडेचोवीस. ५० हर्ट्झला, १ टेस्ला भार ठेवायचा तर व्होल्टमागे वेढे म्हणजे ४५ भागिले लोखंडाचं क्षेत्रफळ. १.२ टेस्लाला साडेसदतीस भागिले क्षेत्रफळ. तुमच्यासाठी १.५३. म्हणजे २३० ला ३५२ वेढे किमान. तुम्ही घातलेत २८२. त्यावर २३० ला भार येतो १.५ टेस्ला, आणि तुमच्या रात्रीच्या २४७ ला १.६१. साध्या पत्र्याचा जीव तिथं संपतो.

आवाज का येतो तेही सांगतो, कारण पत्रे सैल म्हणून ओरडतात एवढंच सगळे धरून चालतात. चुंबकत्व चढलं की पत्रा स्वतःच लांबीत किंचित बदलतो, मीटरमागे काही मायक्रॉन. उतरलं की पूर्वीसारखा. दिशा उत्तर असो की दक्षिण, त्याला फरक पडत नाही, म्हणून ५० च्या लाइनवर सेकंदाला १०० वेळा. हे बोल्टनं थांबत नाही, व्हार्निशनंही थांबत नाही. भार कमी ठेवला तरच कमी होतं. आणि लोखंड भरलं की करंटची टोकं निघतात, मग १०० बरोबर २००, ३००, ४०० असे वरचे सूरही जोरात येतात. तुमची घूं रात्री घर्र होते ती त्यामुळं. वर म्हटलेलं व्हार्निश, पाचर हे खरं आहे, पण ते शेवटचं काम. आधी हे.

उपाय: उघडा. प्रायमरी तळाला आहे ना? मग ती तशीच ठेवा. सेकंडरी उलगडून काढा. प्रायमरीच्या टोकाला, त्याच दिशेनं, २० गेजचे आणखी ७८ वेढे घाला. ३६० झाले. तार सव्वाशे ग्रॅम आणली तर पुरेल. जोड आत लपवू नका, दोन्ही टोकं स्लीव्हमधून बाहेर पट्टीवर आणा आणि तिथं जोडा. दिशा चुकली तर २८२ मधून ७८ वजा होतील आणि सिरीजचा बल्ब भगभगीत पेटेल. पेटला तर दोन टोकं अदलाबदल करा, बस. ही चाचणी पत्रे भरल्यावरच करायची, रिकाम्या बॉबिनवर बल्ब असाही पेटतो.

प्रायमरीवर मायलरचे (इन्सुलेशनच्या पातळ प्लास्टिकचे) तीन थर, कडेला तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडून. मग सेकंडरी ११५ वेढे, मधला टॅप साडेसत्तावन्नवर येतो, तर ११६ करा आणि ५८ वर काढा. जुनी तार पुरणार नाही, नवी ६०० ग्रॅम घ्या. उलगडलेल्या जाड तारेचं इनॅमल वळणावर तडकलेलं असतं, ती पुन्हा वापरू नका. जागा आहे म्हणून मध्ये तांब्याच्या पत्र्याचा पडदा घालायचा मोह झाला तर घाला, पण त्याची दोन टोकं एकमेकांना लागता कामा नयेत. लागली तर तो एक शॉर्ट वेढा झाला.

पत्रे भरताना एक-एक आलटून पालटून. तीन-तीननं वेळ वाचतो, पण प्रत्येक सांध्याशी फट मोठी होते. कापलेल्या कडेचा खरखरीतपणा सगळ्यांचा एकाच बाजूला ठेवा. शेवटचे चार-पाच पत्रे लाकडी ठोकळ्यानं हळू ठोकून घाला. शेवटचा पत्रा सैल राहिला तर तोच किंचाळतो. बोल्टवर कागदी नळी आणि फायबर वॉशर हवंच, नाहीतर बोल्टातूनच करंट फिरतो.

व्हार्निश करायच्या आधी पुन्हा करंट घ्या आणि इथं लिहा. आणि हो, रेक्टिफायरनंतरचे (एसीचं डीसी झाल्यावरचे) कपॅसिटर किती व्होल्टचे आहेत?

सोल्डरची तार

काका, वेढे वाढवण्याऐवजी थप्पी वाढवली तर? पत्रे अजून मिळतील त्यांना.

गुंडाळीवाला (इचलकरंजी)

चालतं, पण बॉबिन नवं लागेल आणि दोन्ही गुंडाळ्या मुळापासून. त्यांच्याकडे खिडकी अर्धी रिकामी आहे. रिकामी खिडकी हीच वेढे कमी पडल्याची खूण असते.

काळी चार (मिरज)

कपॅसिटर ६३ व्होल्टचे आहेत. पहिल्यांदा घेताना ५० चे घेणार होतो, दुकानात नव्हते म्हणून ६३ घेतले.

काका, तुमचं वाचून मी तो तक्ता पुन्हा उघडला. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ६० लिहिलेलं आहे. मी दीड महिना तो कागद भिंतीला लावून काम केलं.

गुंडाळीवाला (इचलकरंजी)

६३ चालतील. रात्री २४७ ला विनाभार, म्हणजे काहीच वाजत नसताना, छपन्नपर्यंत डीसी जाईल. ५० चे असते तर फुगले असते.

काळी चार (मिरज)

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. जसं झालं तसं सांगतो.

पत्रे काढायलाच एक अख्खा रविवार गेला. पहिला पत्रा निघेपर्यंत दोन वाकवले, ते वेगळे ठेवले, परत घातले नाहीत. ७८ वेढे, मायलर, ११६ वेढे. पडदा घातला नाही. पत्रे एक-एक करून भरले. बायको ई देत होती, मुलगी आय. १९२ तुकडे.

बल्बवर लावला तेव्हा बल्बची तार नुसती लालसर झाली आणि विझल्यासारखी राहिली. दिशा बरोबर लागली होती. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) कंपनीतून आणून ५०० व्होल्टवर प्रायमरी-सेकंडरी आणि दोन्हींचं कोअरशी पाहिलं, काटा हलला नाही.

विनाभार करंट: २३० ला ०.१७, २४५ ला ०.२१. पूर्वी १.६ होता. मी मीटर बदलून पुन्हा घेतला, तेवढाच आला.

घूं जवळजवळ गेली. वीतभर अंतरावर कान नेला तर कळते. पण खोक्यात बसवून गाणं लावलं तर एक नवाच आवाज, झर्र असा, तबल्याच्या प्रत्येक जोरदार थापेला. पुन्हा पोटात गोळा आला. एकेक वस्तू हातानं दाबत गेलो. खोक्याचं वरचं झाकण दाबलं की थांबायचा. झाकण लोखंडी पत्र्याचं, ट्रान्सफॉर्मरच्या वर फक्त एक सेंटिमीटरवर. रेक्टिफायर करंट तुकड्यातुकड्यांनी ओढतो तेव्हा बाहेर सांडणारं चुंबकत्व त्या पत्र्याला खेचतं, असं मला वाटतं. काका चूक असेल तर सांगा. अॅल्युमिनियमचं झाकण केलं, आवाज गेला.

मग व्हार्निश. घरच्या ओव्हनचा विचार केला होता, पण व्हार्निशच्या वाफा पेट घेतात हे कंपनीतल्या पेंटशॉपच्या माणसानं सांगितलं. एका रिवाइंडिंगवाल्याकडे नेला. त्यानं आधी गरम केला, बुडबुडे थांबेपर्यंत व्हार्निशमध्ये ठेवला, निथळवून रात्रभर भट्टीत. खाली आता चार रबरी बुश आहेत, आणि बोल्ट बुशमधून जातात, लाकडाला थेट टेकत नाहीत. आधी मी रबर ठेवलं होतं पण बोल्ट आरपार कपाटाच्या फळीत आवळले होते, म्हणजे रबराचा पुरता उपयोगच होत नव्हता.

काल रात्री साडेअकराला व्होल्टेज २४६ होतं. मी मुद्दाम अँप्लिफायर चालू ठेवला आणि तिला काही बोललो नाही. तिनं पंचम लावला, जोड लावली, खर्ज छेडला. खुंटीला हात गेला नाही. तशीच यमन गायला बसली.

गुंडाळीवाला (इचलकरंजी)

झाकणाचं बरोबर ओळखलंत. ०.२१ म्हणजे माझ्या दुकानातून जातो तसाच झाला.

जुनी सोळा गेजची तार टाकू नका, तांबं आहे, वजनावर विका. आणि आतल्या बाजूला कागद चिकटवा: वेढे ३६०, ११६, ५० हर्ट्झ, तारीख. वीस वर्षांनी कुणीतरी उघडेल.

काळी चार (मिरज)

चिकटवला. खाली मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "पट्टी काळी चार".